ठोंब्या बसला तो हिवाळा

गिझर पुन्हा बंद पडला आहे. डिसेंबरचा तिसरा आठवडा आला, समोरच्या घराचं फाटक धुक्यात दिसेनासं झालं, की आमचा गिझर मान टाकतो. हा नेम तो गेली कित्येक वर्षं न चुकता पाळतो. सकाळी दुरुस्तीवाल्या भैयांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता. "बस मैडम, आधे घंटे में पहुँच रहे हैं," असं भैया म्हणाले आणि माझ्या पायाशी उभा असलेला आमचा कुत्रा ठोंब्या तात्काळ खाली बसला. भैया काही आले नाहीत. ठोंब्या मात्र बर्फासारख्या फरशीवर तसाच बसून राहिला, कारण त्याला उठायला कुणी सांगितलंच नव्हतं. मी गॅसवर पाण्याचं पातेलं चढवून मागे वळले आणि त्याला अडखळून पडता पडता वाचले. आता त्याचं वय नऊ आहे, मागचे पाय आखडतात, पण अक्कल आली असेल तर शपथ.

लखनौच्या थंडीविषयी लोक फार लाडात येऊन बोलतात. पुण्याहून पाहुणे येतात, दोन दिवस मलाई मक्खन खातात, अमीनाबादेत शाली घेतात, धुक्याचे फोटो काढतात आणि परत जातात. राहून बघा म्हणावं. तीन-तीन आठवडे सूर्य दिसत नाही. दोरीवरची जीन्स चौथ्या दिवशीही ओलीच असते. घालावी म्हटलं तर गारठा मांड्यांना चिकटतो. रजईत शिरावं तर ती आधी आपल्याकडूनच ऊब मागते. मी साताऱ्याकडची. आमच्याकडची थंडी समजूतदार असते, सकाळी नऊला अंगणात ऊन आलं की आपण होऊन निघून जाते. इथे मी वनस्पतींवर काम करणाऱ्या एका संशोधन संस्थेत नोकरीला लागले त्याला सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत या थंडीशी माझं एकदाही जमलेलं नाही, आणि आता जमेल अशी आशाही नाही.

ठोंब्या आमच्या घरी आला तेव्हा मुलगी पंधरा वर्षांची होती. कपूरथला बाजारात एका बंद दुकानाच्या पायरीवर सापडलेलं ते गावठी पिल्लू मुक्ताने जॅकेटमध्ये घालून आणलं. मी आधी नाही म्हटलं, मग अट घातली. याच्याशी घरात फक्त मराठी बोलायची. अट घालायला कारण होतं. मुक्ता लखनौतच वाढली. तिला मराठी सगळी कळायची, पण मी मराठीत काही विचारलं की उत्तर हिंदीतच यायचं. तिचे बाबा मराठीच, पण हवाई दलात, बदलीच्या गावाहून सुट्टीला यायचे, तेव्हा तेही तिच्याशी हिंदीतच बोलायचे. म्हटलं, या घरात माझ्या भाषेत ऐकणारा निदान एक तरी जीव असू दे. नावही मीच ठेवलं, मुद्दाम. ठोंब्याइतका अस्सल मराठी शब्द लखनौत दुसऱ्या कुणाच्या तोंडून यायचा नाही याची मला खात्री होती.

हे करताना एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, आणि मी स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवते. ठोंब्याला मी 'बस' शिकवलं, म्हणजे खाली बसायचं. 'ये' शिकवलं, म्हणजे जवळ यायचं. आणि मग मी त्याला अशा शहरात फिरायला नेलं, जिथे सकाळपासून रात्रीपर्यंत दर दोन वाक्यांमागे कुणी ना कुणी 'बस' म्हणतं आणि उरलेल्या वाक्यांची सुरुवात 'ये' ने होते. भाजीवाला म्हणायचा, "ये मटर देखिए, एकदम ताज़ी," की ठोंब्या उडी मारून त्याच्या गाड्याशी. मी पिशवी धरून "बस भैया, बस" म्हणायची, की हा रस्त्याच्या मधोमध बसलेला. मागे रिक्षावाल्यांची रांग लागायची. त्यांच्यातला एखादा "अरे बस करो यार" म्हणून ओरडला की ठोंब्या आणखी नीट बसायचा. 'चल' तेवढं दोन्ही भाषांत एकच निघालं म्हणून आमची सुटका व्हायची.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण सक्सेना आंटींना मात्र हे सगळं फार पसंत होतं. त्या कुणालाही अरे-तुरे करत नाहीत, कुत्र्यालाही नाही. त्यांच्या तोंडी त्याचं नाव ठोंबिया साहब. फोनवर मुलाशी बोलताना त्या "बस बेटा, सब ठीक" म्हणायच्या, तेव्हा अंगणातला ठोंब्या अदबीने बसायचा, आणि त्या मला हाक मारून सांगायच्या की आमच्या लखनौची तहजीब तुमच्या कुत्र्याने घेतली, तुम्ही नाही घेतलीत. त्यांच्या यजमानांचा जुना, बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर कापून त्यांनी त्याला अंगरखा शिवून दिला होता. तो घालून ठोंब्या निवृत्त कारकुनासारखा दिसायचा.

या सगळ्यावर मला आजकाल हसू येतं. चार वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात येत नव्हतं.

त्या वर्षी नोव्हेंबरात मुक्ता एका बॅगेसह घरी आली. ती बाहेरगावी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होती. दोन वर्षं घासून मिळवलेली जागा. सुट्टी नव्हती, परीक्षा नव्हती, मग आलीस कशी, असं विचारलं तर "बस, ऐसे ही" म्हणाली. ठोंब्या बसला. ती आपल्या खोलीत गेली, रजई डोक्यावरून घेतली आणि त्यानंतर दोन महिने जवळजवळ तिथेच राहिली. कॉलेजकडून पत्र आलं की जानेवारी संपायच्या आत हजर झाली तर जागा राहील, नाही तर नाही. ते पत्र मी फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलं. तिने ते तिथून काढलं नाही, आणि वाचलं असंही कधी दाखवलं नाही. येता-जाता मीच वाचत होते.

तिला काय झालंय हे तिने सांगितलं नाही. मी नऊशे वेळा विचारलं. अभ्यास जड जातोय का, कुणी त्रास देतंय का, कुणी मुलगा आहे का, मेसचं जेवण वाईट आहे का. प्रत्येकाला उत्तर 'नहीं'. मग मी विचारणं सोडलं आणि सांगायला सुरुवात केली. नवऱ्याची तेव्हा ईशान्येकडे बदली होती. रोज संध्याकाळी फोन करून ते तिची चौकशी माझ्याकडे करायचे, आणि मी चिडून म्हणायची, तुम्हीच विचारा ना. ते विचारायचे. ती म्हणायची, "हाँ पापा, ठीक हूँ." साताऱ्याहून माझ्या बहिणी फोन करायच्या. एकीने सांगितलं दृष्ट काढ, दुसरीने सांगितलं लग्नाचं बघ. सक्सेना आंटी वर येऊन निमोना, म्हणजे वाटलेल्या मटारची आमटी, ठेवून जायच्या आणि म्हणायच्या, जाड़ा निकल जाने दीजिए, ही थंडी सरू द्या. सगळ्यांची भीती माझ्याच अंगावर येऊन पडत होती आणि ती दिसू नये म्हणून मी रागावत होते. रागावण्याचा मला सराव आहे, घाबरण्याचा नाही.

दिवसातून एकदाच ती रजईतून बाहेर यायची. सकाळी सहाला, ठोंब्यासाठी. कारण ठोंब्याला जायचं म्हणजे जायचंच, त्याला कुणाच्या मनाशी काही देणंघेणं नव्हतं. तो तिच्या तोंडावर ओलं नाक घासायचा, ती उठायची, बूट चढवायची आणि दोघं धुक्यात धावत निघून जायची. हो, धावत. शाळेत असताना ती धावायची, बक्षिसं आणायची, मग बारावीच्या नादात ते सुटलं होतं. मी गॅलरीत उभी राहून बघायची. पंधराव्या पावलाला ती दिसेनाशी व्हायची. मग मी चहा ठेवायची आणि गाळायला विसरायची. दिवसभर न बोलणारी वीस वर्षांची मुलगी, हाताच्या अंतरावरचं दिसू न देणारं धुकं, आणि रस्त्यावर ट्रक. माझ्या डोक्यात काय काय येत होतं ते मी तेव्हा नवऱ्यालाही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी मी बूट घातले.

माझं वय तेव्हा एकोणपन्नास. गुडघ्यांचं वय त्याहून बरंच जास्त. अंगात नवऱ्याचा ट्रॅकसूट, त्यावर माझा विणलेला स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला माकडटोपी. मुक्ताने मला फाटकाशी पाहिलं आणि फक्त म्हणाली, "आप गिर जाएँगी." मी म्हटलं, पडले तर उचल. महानगर या आमच्या वस्तीतून कपूरथला चौराहा, तिथून अलीगंजच्या बाजूला वळून शाळेच्या भिंतीपर्यंत आणि परत, असा त्यांचा रस्ता होता. पहिल्या दिवशी मी चौराह्यापर्यंतही पोचले नाही. कोपऱ्यावर लाकडं पेटवून अलावाभोवती बसलेली मंडळी घोंगडीतून माना बाहेर काढून बघत होती. त्यातले एक आजोबा फार आदराने म्हणाले, "बहनजी, कौन पीछे पड़ा है?" तोंडातून वाफ आणि छातीतून शिट्टी निघत होती, उत्तर कुठून देणार.

पण मी सोडलं नाही. पडसं झालं तरी गेले, शाळांना थंडीची सुट्टी जाहीर झाली त्या दिवशीही गेले. महिनाभरात मी त्यांच्या मागे वीस-तीस पावलांवर राहू लागले. आणि जसजसा दम पुरायला लागला, तसतशी मी त्याचा उपयोग बोलण्यासाठी करू लागले. घरात ती रजईत तोंड लपवायची, इथे कुठे जाणार? धावता धावता मी तिला आयुष्य समजावून सांगायची. 'हे बघ मुक्ता' पासून सुरुवात. मग दहा पावलं श्वास. मग पुढचं वाक्य. संक्रांतीला, ज्याला इथे सगळे खिचड़ी म्हणतात, मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोल म्हटलं आणि दुसऱ्या मिनिटाला फ्रिजवरच्या पत्राकडे बोट दाखवलं. तिने तिळगुळाचा अर्धा भाग ठोंब्याला दिला.

महिना संपायला आठवडा उरला होता तेव्हाची ती सकाळ. धुकं इतकं की ठोंब्या दिसतच नव्हता, नुसता तपकिरी स्वेटर पुढे पुढे चालला होता. अलीगंजकडे वळताना मी सुरू केलं. त्या दिवशी मी चांगली तयारी करून आले होते. दोन वर्षांची मेहनत, बाबांची नोकरी, माझी नोकरी, एका वर्षाने काही बिघडत नाही पण जागा गेली तर परत नाही, आणि मग तू काय करणार आहेस, कुत्रा फिरवणार आहेस का जन्मभर? हे शेवटचं मी ओरडले.

"बस, मम्मी," मुक्ता म्हणाली. "बस."

ठोंब्या बसला. रस्त्याच्या कडेला, एका बंद पानटपरीपुढे, शेपटी नीट मागे घेऊन. पट्टा ताणला गेला, मुक्ता थांबली आणि मी तिच्या पाठीवर जाऊन आदळले. मी 'चल' म्हणायला तोंड उघडलं, पण श्वासच नव्हता. मुक्ताला श्वास होता, पण ती 'चल' म्हणाली नाही. धुक्यात कुठेतरी दूधवाल्याच्या सायकलची घंटा वाजली आणि दूर गेली. मुक्ता ठोंब्याच्या डोक्याकडे बघत होती. मग फार हळू, शब्द एकेक शोधून काढल्यासारखी, ती बोलली. मराठीत.

"आई, मला तिथे वापस नाही जायचा."

"जायचं," मी म्हणाले. "परत नाही जायचं."

माझ्या तोंडून ते कसं निघून गेलं हे मला अजूनही कळत नाही. श्वास नसलेल्या छातीतून पहिला श्वास निघाला तो चूक सुधारण्यासाठी. मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर मी भांडले असते. तिने मान डोलावली, शिक्षिका बोलल्यावर मुलं डोलावतात तशी. मग ठोंब्याला "चल" म्हणाली आणि दोघं निघून गेली. मी पानटपरीपुढे उभी राहिले.

हिंदीत नपुंसकलिंग नाही. हिंदीत वाढलेलं मराठी मूल 'ते' चं 'तो' करतं, त्यात त्याचा दोष काय? पण मुक्ता चार वर्षांची असल्यापासून तिचं प्रत्येक वाक्य मी वाटेत अडवलं होतं. "दूध सांडला." सांडलं. "पाणी थंडा आहे." थंड आहे. ती रडत शाळेतून यायची, गुडघा फुटलेला असायचा, "माझा रक्त आला" म्हणायची, आणि मी कापूस शोधता शोधता म्हणायची, माझं रक्त आलं. एका मे महिन्यात साताऱ्याला, मामाच्या अंगणात, तिने भर जेवणात विचारलं होतं, "आई, आपला घर इथे का नाही?" सगळी भावंडं फिदीफिदी हसली. महिनाभर तिला 'आपला घर' म्हणून चिडवत होती. मीही हसले होते. त्यानंतर कधीतरी ती मराठी बोलेनाशी झाली आणि मी त्याचा दोष लखनौला दिला, शाळेला दिला, नवऱ्याला दिला, कुत्र्याला व्याकरणशुद्ध मराठी शिकवली. दहा-बारा वर्षांनी तिने माझ्या भाषेत एक वाक्य बोलायची हिंमत केली होती. त्या वाक्यात सगळं होतं, जे मी दोन महिने कोकलून विचारत होते. आणि मला त्यातले चुकलेले दोन शब्द दिसले. मला माझ्या स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले, पण गप्प. गप्प राहून धावणं हे बोलत धावण्यापेक्षा फार अवघड आहे. गुडघे ऐकू येतात. चुली पेटल्याचा वास येतो, गाडीखाली झोपलेली कुत्री दिसतात, भुईमुगाच्या गाड्यावर रात्रीचं प्लास्टिक दवाने जड झालेलं दिसतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी बरीच मागे पडले. धुक्यात पुढून आवाज येत होता. मुक्ता ठोंब्याशी बोलत होती, मी ऐकण्याच्या अंतरावर नाही अशा समजुतीने. तिची तब्येत, हॉस्टेलची खोली, सकाळी उठून भिंतीकडे बघत बसायची ते, कॉलेजात कुणाला सांगता आलं नाही ते. सगळं मराठीत. "माझा मन लागत नव्हता, ठोंब्या. रोज वाटायचा की आज नको उठूया." 'माझा मन', 'वाटायचा'. एकेक शब्द काट्यासारखा कानाला लागत होता आणि मी शालीचं टोक दातांत धरलं होतं. चूक सुधारायची नव्हती म्हणून नाही. रडू फुटू नये म्हणून. ठोंब्या मधून मधून तिच्याकडे बघायचा आणि पुढे धावायचा. ती दोघं वळली तशी मी एका खांबामागे झाले, ती पुढे गेल्यावर बाहेर आले. पन्नाशीला टेकलेली बाई माकडटोपी घालून खांबामागे लपलेली पाहून त्या अलावावरच्या आजोबांनी या वेळी काही विचारलं नाही.

महिना संपायच्या आदल्या दिवशी दुपारी ऊन पडलं. वीस-एकवीस दिवसांनी. महानगरातल्या झाडून सगळ्या गच्च्यांवर रजया, गाद्या, म्हातारी माणसं, लोणच्याच्या बरण्या, सगळं एकदम बाहेर आलं. आमच्या गच्चीवर सक्सेना आंटी खुर्ची टाकून मटार सोलत होत्या. मी अर्धी रजा टाकून घरी आले होते, कारण संस्थेत बसून मला काही सुचत नव्हतं. नवऱ्याचा सकाळीच फोन येऊन गेला होता. काय ठरलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिने ठरवलं की कळवीन. तिने, असं मी म्हणाल्याचं त्यांनाही नवल वाटलं असावं.

मुक्ता कठड्याला टेकून उन्हात बसली होती. कितीतरी दिवसांनी तिचे केस धुतलेले होते. ती फोनवर काही लिहीत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती. बाबांना ती नेहमी रोमन अक्षरांत हिंदी लिहायची, तीन शब्दांपुढे कधी जायची नाही. या वेळी फार वेळ लागला. मी मुद्दाम गादीची खोळ काढून झटकत राहिले. शेवटी ती उठून माझ्याजवळ आली आणि फोन माझ्यापुढे धरला. देवनागरीत लिहिलं होतं.

"बाबा, मी कॉलेज सोडला. मी खूप विचार केला. तुम्ही रागवू नका."

अजून पाठवलं नव्हतं. तिचा अंगठा बाणाशेजारी थांबला होता आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. दोन वर्षांचं जागरण, ती जागा, फ्रिजवरचं पत्र, साताऱ्याला काय सांगायचं, पुढे काय, हे सगळं माझ्या घशापर्यंत आलं. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. पहिल्या ओळीतल्या शेवटच्या शब्दाशी माझी नजर अडली, तिने ते पाहिलं, आणि तिचा अंगठा बाणापासून थोडा मागे सरकला.

"चुकला आहे का काही?" तिने विचारलं.

मी फोन तिच्या हातात नीट दिला.

"नाही," मी म्हणाले. "बरोबर आहे. पाठव."